कोकणातल्या परसात बदकांचं घर: पाया, जाळी आणि कडी

बदकं पाळायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती हौदाची. कुठे खणायचा, किती खोल, त्यात मासे सोडायचे का. घराचं मग बघू, कोंबड्यांचं जुनं खुराडं आहेच की! हा क्रम उलटा करा. घमेलंभर स्वच्छ पाणी रोज मिळालं तर बदक हौदावाचून राहतं, पण रात्री उघड्यावर राहिलेलं बदक कोकणात फार दिवस टिकत नाही. कोंबडी निदान झाडावर तरी चढते. खाकी कॅम्पबेल किंवा पेकिन जातीच्या बदकाला ना नीट उडता येत, ना फांदीवर बसता येत. ते जमिनीवर झोपतं आणि घाबरलं की आरडाओरडा करत कोपऱ्यात गठ्ठा करून बसतं. शिकाऱ्याला आणखी काय हवं?

म्हणून हे घर बांधताना डोळ्यांपुढे दोनच शत्रू ठेवायचे: बाहेरून आत शिरणारं जनावर आणि आतल्या आत साचणारी ओल. बदकाच्या बाकीच्या मागण्या फार थोड्या आहेत.

पुढची सगळी मापं सहा बदकांसाठी आहेत, एक नर आणि पाच माद्या. घरच्या अंड्यांना एवढी पुरतात. नर याहून जास्त ठेवले तर माद्यांच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसं ओरबाडून निघतात. जागा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची धरली आहे: जांभ्याची जमीन, जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस, घराच्या मागे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, आणि गडग्यापलीकडे रान. देशावर पाऊस कमी, त्यामुळे तिकडे जोतं थोडं बुटकं चालेल. जाळी आणि कडी मात्र सगळीकडे तीच.

खुराडं का नको

कोंबडीच्या खुराड्यात शिडी असते, आडवी दांडी असते आणि दार चिंचोळं असतं. बदकाला यातलं काहीच सोयीचं नाही. शिडीवरून त्याचे पाय घसरतात, दांडीचा उपयोग शून्य, आणि सकाळी सगळी एकदम बाहेर धावतात तेव्हा अरुंद दारात एकमेकांच्या अंगावर पडून पाय दुखावून घेतात. बदकाचे पाय हा त्याचा सगळ्यात नाजूक अवयव. त्याला पायाला धरून कधीच उचलू नये. पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून उचलावं.

शिवाय बदकाची विष्ठा पातळ असते आणि पाणी पिताना ते आजूबाजूला निम्मं सांडतं. कोंबड्यांसाठी कोरडं राहणारं खुराडं बदकं चार दिवसांत चिखल करून टाकतात. दोघांना एकत्र ठेवण्याचा मोह टाळा. बदकाचा नर कोंबड्यांच्या मागे लागतो आणि त्यात कोंबड्या जखमी होतात.

कोण कोण येतं

मुंगूस दिवसाढवळ्या येतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. अंडी आणि पिल्लं हा त्याचा आवडता माल. घोरपडही दिवसाच येते. कुत्रे कधीही. कोल्हा तिन्हीसांजेनंतर. रानमांजर आणि उदमांजर रात्री, आणि उदमांजर तर छपरावरून. कौलारू घरांच्या माळ्यावर राहणारं हे जनावर कौल सरकवून आत उतरतं, याचा अनुभव कोकणात घरोघरी आहे. अजगर पूर्ण वाढलेलं बदक गिळू शकतो. धामण आणि नाग अंड्यांच्या आणि पिल्लांच्या वासावर येतात. घूस आणि उंदीर अंडी पळवतात, पण त्यांचं खरं नुकसान वेगळंच आहे: ते जी बिळं पाडतात त्यांतून बाकीचे आत येतात. घार आणि कावळे पिल्लांवर टपून असतात.

यातले कोल्हा, मुंगूस, उदमांजर, घोरपड, अजगर, धामण, नाग हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फासकी लावणं, विष घालणं हा गुन्हा आहे, आणि त्याचा उपयोगही होत नाही. एक मुंगूस गेला की त्याची हद्द दुसरा घेतो. त्यामुळे भांडण जनावराशी न करता त्याच्या वाटेशी करायचं.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात मात्र परसातल्या कोणत्याही जाळीचा भरवसा धरू नका. तिथे बदकांचं घर राहत्या घराच्या भिंतीला लागूनच असावं, चारही बाजूंनी चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, आणि हवेसाठी वर लोखंडी गज.

जागा

घर राहत्या घरापासून हाकेच्या अंतरावर असावं. रात्री बदकं ओरडली तर तुमची झोपमोड व्हायलाच हवी. दार पूर्वेला ठेवा. पावसाची झोड नैर्ऋत्येकडून येते, आणि सकाळचं ऊन आत शिरलं की जमीन वाळायला मदत होते.

माडाखाली बांधू नका. सावली छान मिळते, पण वरून नारळ पडला तर पत्र्याला भोक पडतं आणि झावळी पडली तर जाळी फाटते. फणसाखाली तर नकोच नको. करंज, बोंडारा, चिकू, आंबा यांची दुपारची सावली चांगली.

विहिरीपासून घर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवं. विष्ठेचं पाणी मुरून विहिरीत उतरता कामा नये. पावसात जिथून लोट वाहतो ती जागा उन्हाळ्यात ओळखू येत नाही, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना परसातली पाण्याची वाट पक्की माहीत असते.

गावात किंवा शहराच्या कडेला शेजार जवळ असेल तर आवाजाचाही विचार करा. बदकात आरडाओरडा मादीचा. नराचा आवाज घोगरा आणि बारीक असतो. मस्कव्ही जात सगळ्यांत शांत, पण ती उडते आणि गडग्यावर चढून बसते. मस्कव्ही ठेवणार असाल तर आवाराला वरून जाळी लागेलच, आणि आत जमिनीपासून फूटभर उंचीवर रुंद फळीही द्या.

पाया आणि जमीन

आतली जागा सहा फूट बाय पाच फूट धरा, म्हणजे प्रत्येक बदकाला पाच चौरस फूट. चारातही भागतं, पण पावसाळ्यात त्यांना अर्धा दिवस आत ठेवावं लागतं आणि तेव्हा तो जास्तीचा फूट कामी येतो.

माती असेल तर फूटभर खोल चर खणून चिऱ्यांचा पाया घाला आणि सांधे सिमेंटनं भरा. कोरड्या रचलेल्या चिऱ्यांतून घूस सहज वाट काढते. खाली कातळ लागला तर खणण्याच्या भानगडीत पडू नका. कातळ घासून धुवा, ओला करा आणि त्यावर सिमेंटचा थर देऊन पहिला चिरा बसवा. चिरा आणि कातळ यांच्यामध्ये बोट जाईल एवढीही फट राहता कामा नये.

जमिनीच्या वर दोन थरांचं जोतं, म्हणजे साधारण सव्वा फूट. त्यावर भिंतीचे आणखी तीन थर, म्हणजे आतून पावणेदोन-दोन फुटांची चिऱ्याची भिंत. नेहमीच्या चिऱ्याच्या मापानं या सगळ्याला, दाराची जागा वगळून आणि फुटणारे धरून, शंभर-एकशेदहा चिरे जमिनीवरच्या कामाला लागतात. पायाचे वेगळे. खाणीगणिक माप थोडं बदलतं, म्हणून गवंड्याला आधी एक चिरा मोजायला सांगा.

ही भिंत दोन फूट का? बसलेल्या बदकाच्या अंगावर थेट वारा येत नाही, पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत, आणि बाहेरून फिरणारा कुत्रा बदकांना दिसत नाही. कुत्रा आत शिरला नाही तरी नुसत्या दिसण्यानं बदकं रात्रभर धावत राहतात आणि अंडी कमी होतात.

आतली जमीन म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा. मातीची ठेवली तर घूस येते आणि ओल मुरते. खरखरीत सिमेंट ठेवलं तर बदकाच्या तळव्याला चरे पडतात, मग तिथे गाठ येते, ती पिकते आणि बदक लंगडू लागतं. शहाबादी फरशी ओली झाली की बदकं तिच्यावर अक्षरशः फेंगडी होतात. जाळीची जमीन तर नाहीच. चांगला पर्याय म्हणजे खाली जांभ्याची खडी ठोकून त्यावर दोन इंची कोबा, थापीनं साफ केलेला, पण आरशासारखा घोटलेला नव्हे. उतार दर चार फुटांना एक इंच, मागच्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात दोन इंची पाईप बाहेर काढा आणि पाईपच्या तोंडाला आतून जाळी बसवा. ही जाळी विसरली जाते, आणि मग एवढं बांधकाम करून उंदराला आपणच वाट ठेवलेली असते.

कोब्यावर चार इंच अंथरूण. आपल्याकडे भाताचं तूस सहज मिळतं, ते उत्तम. सुतारकामातल्या रंध्याच्या सालीही चांगल्या. करवतीचा बारीक भुसा टाळा, तो डोळ्यांत आणि नाकात जातो. पेंढा लांबच्या लांब टाकला तर दबून त्याची चटई होते आणि खालून बुरशी धरते. बुरशी आलेल्या पेंढ्यानं पिल्लांची फुप्फुसं खराब होतात. पेंढाच वापरायचा तर विळीवर वीतभर तुकडे करून, आणि तोही फक्त अंड्यांच्या कोपऱ्यात.

जाळी

इथे पैसे वाचवू नका. बाकी सगळं जुनं-पानं चालेल: जुनी कौलं, मोडक्या दाराच्या फळ्या, पडवीचे उरलेले पत्रे. जाळी नवीनच आणा.

दुकानात ‘चिकन जाळी’ मागितली की षटकोनी भोकांची, पातळ तारेची जाळी मिळते. ती कोंबड्या आत ठेवण्यासाठी बनवलेली आहे, कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि मोठ्या भोकांतून मुंगसाचं पिल्लू आत जातं. तुम्हाला हवी आहे जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली आणि तारांचे सांधे वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी, अर्धा इंच बाय अर्धा इंच, तार निदान १ मिलीमीटर जाडीची. ओळखायची खूण अशी: मोठ्या माणसाची करंगळी भोकात पहिल्या पेरापलीकडे जाऊ नये, आणि दोन हातांनी ताणली तर सांधा सुटू नये. काही स्वस्त जाळ्यांचे सांधे दुकानातच ‘टक’ करून तुटतात. लाजू नका, ताणून बघा.

रोल तीन फुटी आणि चार फुटी रुंदीचे मिळतात. भिंतीवरची जाळी तीन फूट ठेवली की एकच रोल उभा कापत जायचा, तुकडे वाया जात नाहीत. मागची बाजू मग पाच फूट उंच होते. पुढची सहा फूट ठेवा, वरचा फूटभर फळीनं बंद करा आणि बाजूचे त्रिकोण उरलेल्या तुकड्यांनी. सहा फूट उंची बदकासाठी मुळीच लागत नाही, ती तुमच्या पाठीसाठी आहे. जिथे माणसाला वाकून, रांगत आत जावं लागतं ते घर चार दिवसांआड साफ होत नाही.

चौकट दीड इंची अँगलची किंवा ऐन-किंजळीच्या लाकडाची. चिऱ्याच्या भिंतीवर असल्यामुळे लाकडाला वाळवीची भीती कमी. जाळी चौकटीच्या बाहेरून लावा. बाहेरून कुणी धडक दिली की ती चौकटीवरच दाबली जाते. आतून लावलेली जाळी धडकेसरशी खिळ्यांतून उपटते. नुसते यू-खिळे पुरत नाहीत. जाळीवर एक इंची लाकडी किंवा लोखंडी पट्टी दाबून, दर सहा इंचांना स्क्रू मारा. खालच्या कडेला जाळी चिऱ्यावरून चार बोटं खाली येऊ द्या आणि तिथे सिमेंटनं लिंपून टाका. काम झालं की रात्री घरात बॅटरी लावून बाहेरून एक चक्कर मारा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथून काहीतरी आत जाणार.

छप्पर

सिमेंट पत्रा किंवा रंगीत लोखंडी पत्रा, मागच्या बाजूला उतार. नैर्ऋत्येच्या बाजूला छपराची झाप निदान दोन फूट बाहेर हवी, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात. एवढ्या कमी उतारावर कौलं चालत नाहीत, पाणी मागे फिरतं. कौलंच घालायची असतील तर उतार वाढवा आणि कौलांखाली वेल्डमेशची जाळी अंथरा. उदमांजर कौल उचलेल, पण जाळीवर बसून परत जाईल.

पत्र्याची एक खोड: त्याच्या नाळी भिंतीच्या कडेवर टेकतात तिथे प्रत्येक नाळीखाली अर्धचंद्राएवढी पोकळी राहते. साप आणि उंदीर तिथूनच येतात. त्या पोकळ्या जाळीचे तुकडे कोंबून आणि वर सिमेंट भरून बुजवा.

मार्च ते मेमध्ये लोखंडी पत्रा तापतो. वर झावळ्यांचे झाप बांधा, पाऊस सुरू होण्याआधी काढून टाका. ओले झाप पत्र्यावर कुजले की पत्रा गंजतो.

दार आणि कडी

अडीच फूट रुंद, साडेचार फूट उंच. बदकांसाठी वेगळी खिडकी लागत नाही. सहा बदकं याच दारातून येतील-जातील. खालचे दोन फूट पत्रा, वर जाळी. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत उघडणारं दार तुसाच्या ढिगात अडकतं, आणि बाहेरच्या धक्क्यानं उघडू शकतं. उंबरा दोन-तीन इंचांहून उंच नको. दाराखालची फट अर्ध्या इंचाहून कमी.

टॉवर बोल्ट दोन हवेत, एक वर आणि एक तळाशी. एकच बोल्ट मध्यभागी असला तर कुत्रा खालच्या कोपऱ्याला पंजा घालून दार वाकवतो आणि तेवढ्या फटीतून मुंडी आत घालतो. तळाचा बोल्ट चिऱ्यात किंवा कोब्यात शिरणारा हवा. आणि कुलूप? जनावरासाठी नाही, माणसासाठी. आषाढ संपता संपता, गटारीच्या आठवड्यात, ते लावाच.

सरकत्या फळीचं दार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: फळी खाली पडली म्हणजे बंद झाली असं नव्हे. मुंगूस नाकानं ती उचलतो. खाली पडल्यावर आडवी खुंटी अडकेल अशी सोय करा.

दारासमोर उतरण बांधा. सव्वा फुटाच्या जोत्याला पाच फूट लांब उतरण पुरते. चिऱ्यांचे तुकडे भरून वर सिमेंट. सिमेंट ओलं असताना गवंड्याला काथ्याची दोरी दाबून आडव्या खाचा पाडायला सांगा, चार-चार बोटांवर. त्या खाचांवर बदकांचे पाय धरतात.

आत काय काय

फार काही नाही. अंड्यांसाठी मागच्या कोरड्या कोपऱ्यात फळीनं आडोसा करून दोन कप्पे, प्रत्येकी फूटभर रुंद, फूटभर खोल, दीड फूट उंच, तळ जमिनीवरच. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या दरम्यान घालतात. त्याआधी दार उघडलं तर अंडी करवंदीच्या जाळीत शोधत फिरावं लागतं, आणि तुमच्याआधी ती मुंगसाला सापडतात. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांचीच जात. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात ॲडेल कॅम्पबेल यांनी ती १९०० च्या सुमारास तयार केली. ती सहसा खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाही. पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा, २८ दिवस लागतात. मस्कव्हीची अंडी ३५ दिवस घेतात.

एक बारीकसा दिवा रात्रभर लावून ठेवा. मिट्ट काळोखात काही खुडबुडलं की बदकं एकदम उसळतात आणि एकमेकांना तुडवतात. मंद उजेडात ती लवकर शांत होतात. पावसात वीज जातेच, म्हणून छोटा सौर दिवा बरा.

हवेचं गणित पावसाळ्यात बिघडतं. चारही बाजूंना वरची जाळी उघडी असते, पण झोड येते म्हणून लोक सगळीकडून ताडपत्री लपेटतात. मग आत वाफ कोंडते. नैर्ऋत्येकडच्या दोन बाजूंना गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा लावा, पूर्वेची आणि उत्तरेची बाजू उघडीच राहू द्या. हवा पुरते की नाही हे उभ्यानं कळत नाही. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत उकिडवे बसा, नाक बदकाच्या उंचीवर आणा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे. वरचं तूस खालीवर करा, ओलं झालेलं खोऱ्यानं काढून टाका आणि कोरडं घाला.

पाणी घराबाहेर

बदकाला चोच, नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवता आले पाहिजेत. नाकपुड्या मातीनं बुजल्या की ते आजारी पडतं. पाच-सहा इंच खोल भांडं पिण्यासाठी पुरे. अंघोळीला फूटभर खोलीची प्लास्टिकची टाकी किंवा अर्धा कापलेला ड्रम. आत आणि बाहेर दोन्हीकडे पायरीला चिरा ठेवा.

हे सगळं घरापासून दहा-बारा फूट लांब, उताराच्या बाजूला. भांड्याखाली तीन फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा करून त्यात गोटे भरा आणि वर जाड लाकडी पट्ट्यांची चौकट टाका. सांडलेलं पाणी मुरतं, चिखल होत नाही. टाकीतलं पाणी रोज, निदान दिवसाआड बदला. डासही होत नाहीत. ओतायचं ते माडाच्या आळ्यात, केळीत, अळूत. खतासकट पाणी मिळाल्यावर अळूची पानं बघा कशी येतात.

रात्री आत पाणी ठेवायचं का? मोठ्या बदकांना खाद्य आत ठेवलं नाही तर रात्रभर पाणी नसलं तरी चालतं. पण खाद्य आत असेल तर पाणी हवंच. कोरडं पीठ घशात अडकून बदक गुदमरतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी आत द्यावंच, खोलगट भांड्यात आणि पाईपच्या कोपऱ्याजवळ. आईविना वाढणाऱ्या छोट्या पिल्लांना मात्र अंघोळीचं पाणी देऊ नका, त्यांचं पिसांचं तेल अजून तयार व्हायचं असतं. उथळ थाळीत चार गोटे ठेवा, चोच बुडेल आणि पिल्लू बुडणार नाही.

खाद्य साठवायला झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा. बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. पाळीव पक्ष्यांत बदक त्याला सगळ्यांत लवकर बळी पडतं. कोंबड्यांना पचलेलं खाद्य बदकाला मारू शकतं, म्हणून जुनी पेंड ‘बदकांना घालून टाकू’ हा विचार सोडा.

दिवसाचं आवार

घरासमोर दहा बाय पंधरा फुटांचं आवार, चार फूट उंच. इथे एक इंची वेल्डमेश चालेल, कारण रात्री बदकं इथे नसतात. खालून खणणाऱ्यांसाठी जाळी जमिनीत पुरण्यापेक्षा सोपा उपाय: दीड फूट रुंद पट्टा कुंपणाच्या पायथ्याशी बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरा आणि वर दगड-माती टाका. कुत्रा कुंपणाच्या अगदी मुळाशी खणायला लागतो, तिथेच त्याला जाळी लागते; दीड फूट मागे सरून खणायचं त्याला सुचत नाही. कातळावर तर हाच एक मार्ग आहे.

पिल्लं असतील तर वरून जाळी हवी. जुनी मासेमारीची जाळी फुकट मिळते आणि ती वापरलीही जाते, पण ताणून बांधा. लोंबणाऱ्या जाळीत बदकाचे पाय आणि जमिनीला लागणाऱ्या कडेत साप अडकतात. अडकलेला साप स्वतः सोडवायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

खाद्याचं भांडं छपराखाली ठेवा. कावळे आणि रानपक्षी त्यात तोंड घालणार नाहीत असं बघा. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, आणि त्यानंतर तो देशात अधूनमधून येतच राहिला आहे. बदकात हा विषाणू लक्षणं न दाखवताही राहू शकतो. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, किंवा परसात कावळे मरून पडलेले दिसले, तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बदकांच्या प्लेगची लस तिथेच विचारा.

पहिला आठवडा

कोंबडी अंधार पडला की आपण होऊन घरी येते. बदकाला हे शिकवावं लागतं. आणल्यावर पाच-सहा दिवस घरात आणि आवारातच कोंडा. संध्याकाळचं खाद्य रोज त्याच वेळी, त्याच भांड्यात, दाराच्या आतल्या बाजूला द्या. भांड्यावर चमचा वाजवून हाक मारायची सवय लावा. आठवड्याभरात नुसत्या आवाजावर रांग धरून येतील. त्यांना हाकायचं असेल तर मागून धावू नका. दोन हात पसरून, हातात लांब काठी आडवी धरून सावकाश चालायचं, बदकं कळपानं पुढे सरकतात. शेवटचं बदक आत गेलं की मोजा. सूर्य बुडायच्या आत दोन्ही बोल्ट.

आगोटीची कामं

आगोटी म्हणजे पावसाआधीची तयारी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, लाकडं आणि गोवऱ्या आत घेता घेता, बदकांच्या घराचंही एक अर्धा दिवस काम काढा. तूस पूर्ण बाहेर काढून खतात टाका, कोबा घासून चुना मारा, दोन दिवस उन्हाची ताप लागू द्या आणि मग नवीन तूस भरा. पावसाळ्यासाठी चार-पाच पोती तूस कोरड्या जागी आत्ताच ठेवा, जुलैत गिरणीवर कोरडं तूस मिळत नाही.

साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतो, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, आणि बदकांच्या आवारात पाणी आणि उंदीर दोन्ही असतात. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला सांगा.

समुद्राजवळ खारा वारा जीआय जाळीही खातो. चिऱ्याला लागून असलेली खालची चार बोटं आधी जातात, वरून जाळी नवीन दिसत असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तिथे दर हातभर अंतरावर टोचून बघा. तार मोडली तर तेवढाच पट्टा कापून नवीन लावा, जुन्यावर निदान दोन भोकं चढवून आणि बाइंडिंग वायरनं शिवून. बाकीच्या जाळीला दर दोन वर्षांनी रंगाचा हात द्या. बिजागऱ्यांना आणि बोल्टना तेल घाला, आणि तळाचा बोल्ट ज्या भोकात शिरतो ते भोक काडीनं साफ करा. त्यात तूस बसतं आणि बोल्ट अर्धाच आत जातो.